नववं कलम

हॅलिफॅक्सला, गालिचांच्या जुन्या गिरणीत
आता आमचं ऑफिस: घरभाड्याचे करार.
तिसरा मजला. खिडकीतून टेकडी, टेकडीवर मेंढ्या,
मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचे आकडे.
त्यांचा गोंधळ होत नाही.

फेब्रुवारीत मला सांगितलं, सगळ्यांचे कागद
एका वळणाचे कर.
अकरा माणसं, अकरा तऱ्हा.
नाइजेल शीर्षक ठळक करतो, मग खाली रेघ मारतो,
तरी जीव भरत नाही म्हणून लाल.
शबनम टॅबऐवजी स्पेसबार दाबत राहते
भाजीत मीठ टाकावं तशी, अंदाजानं.
कुणाच्या करारात सातानंतर एकदम तीन.
विचारलं तर म्हणतात, मशीनचं डोकं फिरलंय.

मी आत शिरून पाहिलं.
एका करारात एकोणीस याद्या,
एका छपराखाली अबोला धरलेल्या जावा जशा.

मग बांधायला घेतलं. पहिली पातळी एक,
दुसरी एक पूर्णांक एक, तिसरीला कंसात अ.
कोण कुणाच्या पोटात, किती समास सोडून,
कुणाच्या मागून कोण, सगळं एकदाच ठरवून टाकलं.
हातानं आकडा टाइप करायचा नाही,
हा नियम भिंतीवर लावला, त्याच स्टाइलमध्ये.

माझे वडील बार्शीच्या आडतीत मापाडी.
ज्वारीचं पहिलं माप ओतताना ‘एक’ म्हणत नसत,
म्हणत ‘लाभ’. मग दोन, मग तीन.
एका संध्याकाळी, सगळे गेल्यावर,
मी पहिल्या आकड्याच्या जागी ‘लाभ’ घालून पाहिलं.
लाभ. दोन. तीन.
बरं दिसत होतं. पुसून टाकलं.

ग्लेनिस मात्र ऐकेना.
बत्तीस वर्षं ती आकडे हातानं घालतेय.
तिच्या करारात आठ, मग नऊ,
आणि नवापुढे एकच शब्द: वगळले.
मी म्हटलं, ही रिकामी ओळ काढ ना,
दहाचं नऊ होईल आपोआप, हे बघ.
एक कळ दाबली. अख्खा करार
रेशनच्या रांगेसारखा एक पाऊल पुढे सरकला.
मला वाटलं, खूश होईल.

तिनं चष्मा काढला.
“मिसेस ऍकरॉइडकडे माझं एक पत्र आहे,
बिस्किटाच्या डब्यात, चौऱ्याण्णवचं.
त्यात लिहिलंय, छपराचं दहाव्या कलमात बघा.
उद्या ती दहावं उघडेल
आणि तिथे निघेल कुत्रा पाळायची परवानगी.
नऊ गेलं म्हणून दहा नऊ होत नाही, लव्ह.”

तेव्हा हसले मी.
बसमध्ये, किंग क्रॉसच्या चढावर, हसू ओसरलं.

आमची मधली काकू.
थोरली गेली तेव्हा घरात तीच मोठी,
पण तिला कुणी वर सरकवलं नाही.
हळदीकुंकवाला मधली, भांडणात मधली,
दवाखान्यात नाव पुकारल्यावरही
पोरं म्हणाली, मधलीचा नंबर आला.
नव्या सुनेनं एकदा विचारलंच,
मधली म्हणजे कुणाच्या मधे?
काकू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
“आहे की एक पलीकडे.”

सकाळी मी आणखी एक स्टाइल केली.
आकडा चालू राहतो, मजकूर नाही,
फक्त करड्या अक्षरांत ‘वगळले’.
मागचे कुणी पुढे सरकत नाहीत.
नाव द्यायची चौकट लुकलुकत होती.
शीर्षक १, शीर्षक २, उपकलम,
त्यांच्या खाली मी टाइप केलं: थोरली.

नाइजेलला वाटतं तो एरर कोड आहे.
ग्लेनिस म्हणते ‘तोरली’,
आणि वापरते, जपून, लागेल तिथेच.

आता शबनमचा फोन.
तिच्याकडे पुन्हा सातानंतर तीन.
जाते.