तासांचा रकाना

पाकीट जाड कागदाचं, वर सोनेरी ठसा,
खाली माझं नाव: रुहीना चौगुले, अकरावी.
अम्मीने आधी ते उजेडात धरून पाहिलं,
मग फ्रिजवर लावलं, आंब्याच्या चुंबकाखाली,
वीजबिलाच्या शेजारी.
'मानाची मंडळी', मी भाषांतर केलं.
अब्बा हसले, म्हणजे लग्नातली?
पहिल्या पंगतीला बसणारी?

वर्गणी पंचवीस दिनार.
अब्बा रिफायनरीत परांची बांधतात.
वर चढण्याआधी खालचा खांब
लाथेने ठोकून बघायचा, ही त्यांची सवय.
तसंच विचारलं,
ह्याच्यावर उभं राहून हात नेमका कुठे पोचतो?

मला सांगता आलं नाही.
जूदला विचारलं, ती एक वर्ष पुढे, बैरुतची.
म्हणाली, गळ्यात घालायला पिवळा पट्टा मिळतो,
फोटोत छान दिसतो.
आणि कॉलेजवाले?
ते बघतही नाहीत. सगळ्यांच्याच अर्जात असतं.
पण नसलं, तर दिसतं.
पडलेल्या दातासारखं.

अर्जात चार रकाने.
गुणांचा भरला, तो सोपा.
नेतृत्वाच्या रकान्यात, सहलीच्या बसमध्ये
मुलं मोजली होती ते लिहिलं, आणि खोडलं.
चारित्र्य बाई भरणार.
राहिला सेवेचा:
किती तास, कुणाची, खाली दोघांच्या सह्या.

फहाहीलमधल्या आमच्या इमारतीत
जिन्याखाली राहतो अब्दुल मतीन, हारिस,
सिल्हेटकडचा, पन्नाशीचा.
आठवीपासून दर शुक्रवारी, जुम्म्यानंतर,
मी त्याच्यापाशी उपड्या बादलीवर बसते.
आधी नुसता पैसे पाठवायचा फॉर्म भरून द्यायची.
मग एकदा तो म्हणाला, अंगठा नको आता,
एक्स्चेंजमधला पोरगा शाईची डबी सरकवताना
तोंड फिरवतो.
म्हणून नाव शिकवलं. इंग्रजीत, बँकेला लागतं तसं.
'एम'चे डोंगर लवकर जमले.
'टी' मात्र कायम कललेली,
शमालच्या वाऱ्यात खजूर कलतो तशी.

तीन वर्षांचे शुक्रवार.
मी कॅल्क्युलेटर काढला
आणि लाज वाटली, कशाची ते कळेना.
रमजानचे वजा केले,
दापोलीला गेलेले उन्हाळे वजा केले.
त्याला ताप होता, मी नुसतीच बसले होते,
तो दिवस धरायचा का?
एकशे चार आले.
लागतात चाळीस.

काल अर्ज घेऊन खाली गेले.
त्याने हात धुतले, लुंगीला पुसले,
कागदाखाली पुठ्ठा घेतला
आणि मी बोट ठेवून दाखवायच्या आत
जीभ दातांत धरून, सावकाश,
अख्खं नाव लिहिलं
विद्यार्थ्याच्या सहीच्या जागी.
मान तिरकी करून विचारलं, बरोबर?
'टी' सरळ आली होती.

बरोबर, म्हटलं.

तेवढ्यात लिफ्टची घंटा वाजली,
चौथ्या मजल्यावर कुणीतरी अडकलेलं,
तो चावी घेऊन पळाला.

मुदत गुरुवारपर्यंत आहे.
कोरा अर्ज शाळेच्या ऑफिसात मिळतो,
मागावा लागतो, एवढंच.
मी अजून मागितलेला नाही.

पहाटे रात्रपाळीहून आलेले अब्बा
बूट न काढताच फ्रिजसमोर उभे राहिले,
एकेक अक्षर लावत.
ही सही कुणाची?
खालची, म्हटलं.