प्रश्न एकोणिसावा

नॉर्थंबरलंडच्या त्या टेकडीवर
झाडं सगळी पूर्वेकडे कललेली.
वारा वर्षानुवर्षं एकाच अंगाने येतो तिथं.
त्यांच्या वाकण्याला कुणी विकार म्हणत नाही.

आत, तीन कुलपांपलीकडे,
लिंडन मिलबर्न माझ्यासमोर बसलाय.
वय अडतीस, बुद्ध्यंक बासष्ट.
जाळलं ते : गवताची एक गंजी, कचऱ्याच्या दोन शेड,
आणि सावत्र बापाची व्हॅन,
जिच्यात नशिबाने कुणी झोपलेलं नव्हतं.
बाहीचं टोक तोंडात. कायम ओलं.

मी वाचते, एकोणिसावा :
तुला पुष्कळदा आतून रिकामं वाटतं का?
तो छताकडे बघून नीट विचार करतो.
नाही, म्हणतो, आत्ताच तर नाश्ता झाला. दोन अंडी होती.

मी लिहिते, नाही. मग खोडते.
आमच्याकडे पेन असतं, रबर नसतं,
खोडलेलंही दिसत राहतं.

आपली माणसं सोडून जातील अशी भीती वाटते?
जातातच की. साडेसातला. ड्यूटी संपली की.

रागाच्या भरात असं काही करतोस का,
ज्याचा मागाहून पस्तावा होतो?
हो.
खोटं बोलतोस?
हो.
आज मंगळवार आहे ना?
हो.

गुरुवार होता.

हाच हो त्यानं पोलिसांना दिला,
टेपवर अकरा वेळा ऐकू येतो.
न्यायाधीशांना दिला, टायची गाठ कानाखाली आलेली.
त्याच्याही आधी कुठल्यातरी स्वयंपाकघरात
हो म्हटलं की उगारलेला हात थांबायचा,
तिथला असावा तो मूळचा.
असावा. फायलीतली ती चार पानं गहाळ आहेत.

स्वभावाला औषध नसतं म्हणतात.
इथं असतं. रात्री आठला ट्रॉलीवरून येतं,
कागदी पेल्यात दोन पांढऱ्या, एक पिवळी,
आणि तेंडाई म्हणते, जीभ वर कर बघू.
मागच्या आठवड्यात त्यानं तिचा चष्मा फोडला,
टोस्ट थंड होता म्हणून.
दुसऱ्या दिवशी ती दांडीला चिकटपट्टी लावून कामावर हजर.
तेव्हापासून तो रोज विचारतो, दुखलं का?
रोज, त्याच फरशीवर उभा राहून, त्याच सुरात.
पश्चात्तापाची चौकट रिकामी आहे अजून.
काय भरू?

मग घंटा वाजली.
दर गुरुवारी साडेअकराला वाजते, नुसती तपासणी असते,
सकाळी त्याला दोनदा सांगितलेलं.
खुर्ची उलटली. त्यानं माझा दंड धरला
आणि फरफटत दाराशी नेलं मला,
मिस, चला, जळतंय, चला, मिस.
किल्ल्या माझ्याच कमरेला होत्या.
त्याला सुचलं नाही. मलाही नाही.
मला पाठीशी घालून
तो दारावर खांदा मारत राहिला.

चौघे धावत आले, त्याला जमिनीवर घेतलं,
शिकवल्याप्रमाणे, अगदी बिनचूक,
एकानं डोकं दोन्ही तळव्यांत सांभाळून.
बाहीचं टोक तेवढं सुटलं तोंडातून.

नोंद अशी : रुग्णाने कर्मचाऱ्याचा दंड पकडला,
निळा वळ, चार सेंटीमीटर.
खरं आहे. मोजला मीच, सही माझी.
उद्धटपणाच्या, आततायीपणाच्या गुणांत
एकेकाची भर पडली.

तुरुंगातल्यांना तारीख असते,
भिंतीवर रेघा मारता येतात.
ह्याला बरा होईपर्यंत ठेवलाय,
आणि कशातून बरा, ते ठरवणाऱ्या टेबलाशी
एक खुर्ची माझी आहे.

निघताना त्याच्या खोलीवरून गेले.
जाड काचेला गाल लावून उभा होता,
बोलल्यावर काच धुरकट व्हायची.
मिस, पेपरात पास झालो का मी?

हो, म्हणाले.
तो म्हणतो तसंच.