लाल आकडा, काळा आकडा

आधी एवढं पाठ कर, वॉशिंग्टन :
लाल आकडा दुकानाचा, काळा आकडा घराचा.
जेनोवाच्या एकाच गल्लीत दोन मोजण्या चालतात.
लाल बाराच्या शेजारी काळा चार आला
म्हणून डोकं धरून बसू नकोस.
मी पहिल्याच आठवड्यात एका विधवेचं पेन्शन
मासळी तळणाऱ्याच्या हाती ठेवलं होतं.
त्यानं ते पिठाच्या बोटांनी तिला नेऊन दिलं,
पुढे लग्नच केलं दोघांनी.
सगळ्याच चुका अशा निघत नाहीत.

पिशवी पुढे घे,
पोटुशी बाई चालते तशी.
आणि नाकासमोर चालायची सवय असेल तर मोड.
नाकासमोर चालणारा इथं
भिंतीवर तरी आपटतो, नाहीतर समुद्रात पडतो.
वर बघ. धुण्याच्या दोन दोऱ्यांमधून
जेवढं निळं दिसतंय तेवढंच आकाश
मॅदालेनाच्या वाट्याला आलं.
भर दुपारी दिवा लागतो इथल्या स्वयंपाकघरांत.
कोपऱ्यावरच्या मारियाच्या काचेशी
कुणी प्लास्टिकचा गुलाब ठेवतं,
कुणी बसचं वापरलेलं तिकीट.
का, ते मी तीस वर्षांत विचारलं नाही.

प्रेमध्ये पाट्यांवर जाऊ नकोस, माणसं वाच.
'मामादू, तिसरा मजला.' मामादू तीन आहेत.
दाकारहून येतं ते शिंप्याचं.
कोर्टातून येतं ते त्याच्या भावाचं.
तिसऱ्याला काहीच येत नाही,
तरी दार वाजव,
आज काही नाही म्हणून सांग.

मोलोत वरून टोपली सुटते.
पत्र टाकायच्या आधी आत बघ :
कधी लिंबू असतं, कधी
शिव्या लिहून परत पाठवलेलं विजेचं बिल.
दोन्ही तुझंच.

कास्तेलेत्तोची लिफ्ट म्हणजे रस्ताच, फक्त उभा.
वरची घरं उलटी :
रस्त्यावरून शिरायचं ते सातव्या मजल्यात,
मग पहिला शोधत खाली उतरायचं.
श्रीमंतीसुद्धा अशी दमवते, बघ.
तिथून एकदा थांबून खाली पाहा.
पाटीच्या दगडाची काळी छपरं,
मागे क्रेन, त्यांच्यामागे दीपस्तंभ,
आणि आपण सकाळपासून ज्यात घुसमटलो
ती गल्ली कुठेच दिसत नाही.

पोल्चेवेराच्या काठी मी दोन हिवाळे होते.
पूल पडला, खालची घरं पाडली,
पण पत्रांना कोण सांगणार?
ती येत राहिली. दातांच्या दवाखान्याची तारीख,
कुणाच्या तरी नातवाचा फोटो.
'पत्ता सापडत नाही' असा शिक्का आहे आपल्याकडे.
पत्ता तर होता. मी त्याच्यासमोर उभी होते.

चल, बाराचं पोट बोलायला लागलं.
सोत्तोरिपात कमानीखाली
हरभऱ्याच्या पिठाचा पोळा भट्टीतून निघतोय.
कडेचा तुकडा माग, मधला पर्यटकांना देतात.

काय म्हणालास? तू इथला नाहीस?
सांपियेरदारेनात जन्मलास.
आई तुझी ग्वायाकिलहून आली
आणि वीस वर्षं याच जिन्यांवरून
आमच्या म्हाताऱ्यांना उचलून उतरवतेय.
कितव्या पायरीशी कठडा हलतो
ते तुला माझ्याआधी ठाऊक होतं,
सकाळी पाहिलं मी,
तू हात आधीच काढून घेतलास.

आता हे शेवटचं. रजिस्टर आहे,
आपल्याच खात्याचं, जाड पाकीट.
काळा एकोणीस, पाचवा मजला, लिफ्ट नाही.
नाव मोठ्यानं वाच.
हो, इरिदे कानेपा.
नाही, हातात नाही घेणार मी.
रजिस्टर दारातच द्यायचं, सही घेऊन.
तुला पहिल्याच दिवशी नियम मोडायला लावू?
मी पुढे होते. तू इथं कॉफी घे,
पाव तासानं ये.
बेल दोनदा वाजव आणि थांब,
गुडघे गेलेत बाईचे.
उघडायला वेळ लावेल.