दहा बाय दहा

काकतीच्या मागच्या डोंगरावर
सुतळीनं आखलेला चौकोन, दहा बाय दहा.
निंगव्वा वाकून बघते, मी वहीत लिहितो.
ती म्हणते, मत्ती, इल्ल.
मी लिहितो, ऐन : शून्य.
ती म्हणते, दिंडग, इल्ल.
मी लिहितो, धावडा : शून्य.
दोन भाषांत एकच शून्य,
त्याच्यावरनं अजून कुणाचं भांडण झालेलं नाही.

घाणेरी मोजायची नसते.
तिला टक्क्यांचा वेगळा रकाना.
पंच्याऐंशी. मागच्या वर्षी सत्तर.
हुक्केरीच्या गाडीत खिडकीतनं रुमाल टाकून
जागा धरावी तशी ती डोंगर धरते.
खाली उजेड पोचत नाही.
पाचोळ्यात हात घातला की लागतात
ऐनाची पाचपंखी फळं,
दोऱ्याएवढं मूळ काढून, माती न सापडता वाळलेली.
वर बुलबुल काळी फळं खातो
आणि शिटतो पुढच्या वर्षीचा टक्का.

निंगव्वा सांगते, उन्हाळ्यात ऐनाच्या बुंध्यावर
कोयता मारला की चूळभर पाणी यायचं.
इथंच. ह्या खुंटीपाशी.

मी गप्प.
कारण घाणेरी आमच्या बाबांनीच आणली होती,
होनग्यातल्या कुणाच्या तरी बांधावरनं,
चार फांद्या, सायकलच्या कॅरिअरला बांधून.
शेळी तोंड लावत नाही, म्हणाले,
आणि फुलं बघ की, दोन-दोन रंगांची.
रताळ्याचं शेत राखायचं होतं.
रताळी राखली.
डोंगर राखायचा राहिला.

कोपऱ्यात, काट्यांच्या आत, निंगव्वा थांबते.
बा इल्लि.
टेंभुर्णी. वीतभर. पाच पानं.
बाहेरची सगळी रोपं शेळ्यांनी खुडली,
ही वाचली ती घाणेरीच्याच पोटात.
मी उगारलेला कोयता खाली घेतो.
झुडूप काढावं तर उद्या शेळी,
ठेवावं तर अंधार.
निंगव्वा म्हणते, डोक्यावरचं तेवढं काप.
बाजूचं राहू दे.

अर्धा तास आम्ही छप्पर उतरवतो.
हातांना तो उग्र वास,
रात्री भाकरीलाही लागणार.
पाच पानांवर ताटलीएवढं ऊन पडतं.

टेंभुर्णी : एक, मी लिहितो.
मग पंच्याऐंशी खोडून चौऱ्याऐंशी करू का, विचारतो.
निंगव्वा सुतळी गुंडाळायला लागलेली असते.
चल, म्हणते, अजून अकरा चौकोन आहेत,
आणि ऊन चढलंय.