लोहा, खड्डा क्रमांक चार

या गावाला लोहा हे नाव कुणी दिलं
कुणालाच नीट सांगता येत नाही.
मी आलेय मातीचे थर मोजायला :
टेप, पेन्सिल, रंगपट्ट्यांचं जाड पुस्तक.
खणायला शेवंता घिसाडी,
भट्टी थंड म्हणून रोजानं.

पहिली वीत काळी. दुसरीही.
हातभर खाली, जिथे सप्टेंबरचं पाणी
सतरा दिवस हललं नाही,
तिथे माती राखाडी, जराशी निळी,
वास झाकून ठेवलेल्या रांजणाचा.

मी लिहिते : ठिपके, तांबूस, पुसट.
शेवंता चिमटीत चुरते.
"गंज गेलाय हिचा.
दम कोंडला की लोखंड हातातलं सोडतंय."

हातातलं म्हणजे काय
ते मी परभणीच्या प्रयोगशाळेत शिकले :
कधीच्या ज्वारीची धसकटं, तुरीच्या मुळ्या,
कुजून कुजून उरलेला कर्ब,
गंजाच्या मुठीत पिढ्यान्‌पिढ्या.
हवा संपली की मातीतले बारके जीव
गंजावरच श्वास भागवतात.
मूठ उघडते.
कर्ब सुटतो, आभाळात जमा होतो,
आणि तापलेलं आभाळ
वर्षाचा पाऊस तीन रात्रींत टाकून मोकळं.
मग उन्हाळा, हात जाईल एवढ्या भेगा.
गंज परत चढतो, मूठ परत आवळते,
आत पहिल्याइतकं काही नसतं.

(हे शेवटचं अहवालात लिहिणार नाही.
चार खड्ड्यांवर एवढं बोलता येत नाही.)

बांधापलीकडे सोयाबीन पिवळं,
शिरा तेवढ्या हिरव्या.
लोह भरपूर, मी वाचून दाखवते,
पण पिकाला लागू होत नाही.
शेवंता फावड्यावर रेलून हसते.
दवाखान्यानं तिच्या कार्डावर लिहिलंय
आठ पूर्णांक दोन.
लाल गोळ्या पत्र्याच्या डबीत तशाच आहेत.
"जलम लोखंडात गेला माय,
अन्‌ म्हणे लोखंड कमी."

खड्डा बुजवायच्या आधी
ती एक निळसर ढेकूळ फोडून काठावर ठेवते.
चहा पिऊन येईस्तोवर
कडांना तांबूस चढलेलं.
"दम घेतलालंय," ती म्हणते,
भात्याकडे बघावं तसं बघत.

मी रंगांचं पुस्तक उघडते.
जुळणारं पान सापडेपर्यंत
रंग पुढे गेलेला असतो.