जिन्यावरचा तीन नंबर

पासलकरबाईंचा फोन नेहमी सकाळी सातला.
"रात्री पुन्हा गेला हो तुमचा तीन नंबर."
तुमचा म्हणजे माझा.
चालू असतो तेव्हा तो त्यांचा असतो.

धायरी फाट्याच्या अलीकडे गाडी लावायला जागा नाही.
खांद्यावर घोडी, पिशवीत क्रिंपर, टेस्टर, चिकटपट्टी,
आणि गेटवर कोणीतरी विचारणारच :
मॅडम, तुम्हीच चढणार?
मीच चढते.

पहिल्या खेपेला अडॅप्टर बदलला,
बारा व्होल्टचा, तापकीर गल्लीतला, बिलासकट.
दुसऱ्या खेपेला राउटर फ्रिजवरून खाली घेतला.
त्यावर क्रोशाचा रुमाल होता, तोही काढला.
बाईंना वाईट वाटलं.
तिसऱ्या खेपेला चॅनल बदलला, एकाचा अकरा,
आजूबाजूच्या वायफायांची नावं वाचून दाखवली.
त्यातलं एक होतं : पासवर्ड विचारू नये.

एक, दोन आणि चार टक्क जागे.
तीन नंबर मात्र पावणेबाराला मान टाकतो,
साडेबाराला आपोआप शुद्धीवर येतो.
मधे नुसता काळा चौकोन
आणि त्यात गरगरणारं पांढरं चाक.
"नेमकं तेवढ्यात कोणी आलं तर?"
बिघाड इतका वक्तशीर नसतो.
हे मी बोलले नाही.

चौथ्या खेपेला उपमा खाल्ला
आणि राउटरची यादी उघडून बसले.
कुणाला कुठला पत्ता दिला, किती वाजता,
सगळं लिहून ठेवतो तो, जुन्या तलाठ्यासारखा.
एकशे पाच : जिना.
एकशे पाच : दादांचा फोन.
एकाच गटावर दोन नावं.
फोन आला की कॅमेरा बाहेर,
फोन गेला की कॅमेरा घरात.

"दादा कोण?"
बाईंनी माझी बशी उचलली. उपमा संपायचा होता.
"थोरले दीर. वरच्या मजल्यावर राहायचे.
कोर्टात आहे ते सगळं."
मग नळाखाली बशी धरून, माझ्याकडे पाठ करून,
"पासवर्ड बदलायचाच राहिला बघा."

काम दहा मिनिटांचं होतं.
कॅमेऱ्याला दोनशे दोन दिला, वाटपाच्या बाहेरचा.
आता कोणी येवो, कोणी जावो.
पावतीवर लिहिलं : पत्त्याचा घोळ. काढला. साडेतीनशे.
पासवर्डही बदलू का, विचारलं.
"राहू द्या आज. सगळ्यांच्या फोनमध्ये
पुन्हा घालत बसावं लागतं."
घरात फोन एकच होता, त्यांचा.

तीन दिवस काही नाही.
माझ्या धंद्यात याला यश म्हणतात.

चौथ्या दिवशी, सातला :
"जात नाही आता. सगळं दिसतं."
आवाजात तक्रार होती, कशाची ते कळेना.
"चपला हातात घेऊन येतात.
चौथ्या पायरीवर बसतात.
मोबाइलवर कुस्त्या बघतात, आवाज बंद करून.
वर जात नाहीत. कुलूप हलवूनसुद्धा बघत नाहीत.
कठड्याची ती सळई निघालीय ना,
उठताना ती दाबून बसवतात, रोज."

मी काय बोलणार?
एक डंपर गेला आमच्या दोघींच्या मधून,
तो जाईपर्यंत दोघी थांबलो.

"वेळ मिळेल तेव्हा या.
तीन नंबरचं तोंड जरा डावीकडे करायचंय,
चिकूकडे.
वटवाघळं फार नासधूस करतात."

घोडी लावली. स्क्रू सैल केला,
वीसेक अंश फिरवून पुन्हा आवळला.
स्क्रीनवर फांदी आली, टाकीचं झाकण,
भिंतीवरचं मांजर,
आणि जिन्याची नुसती कड, सुपारीएवढी.
"एवढं दिसलं तर चालेल?"
"चालेल."

पैसे किती, म्हणाल्या.
मान वळवायचे मी घेत नाही.
चिकू घेतले. चार, दगडासारखे.
तांदळात ठेवा, म्हणाल्या,
आणि रोज उघडून बघू नका.