देवीचा वण

कोयतीच्या सडांवर आधी दिसले फोड,
तुरीच्या दाण्याएवढे, मधे खळगी.
मला वाटलं गोचीड. हळद-तेल लावलं,
बोटांनीच.
त्याच बोटांनी मग बाकीच्या पाचजणींची धार.

आठव्या दिवशी अंगठा ठणकला.
अंगठा मुडपून सड दाबायचा, ही आमची रीत;
जिथं तिचं कातडं माझ्या पेराला घासतं
नेमका तिथं उगवला
तिचाच फोड. शिक्का उठावा तसा.

भवानी पेठेत दारासमोर म्हैस उभी करून
डोळ्यांदेखत दूध घालणारे आम्ही,
पाण्याचा संशय नको म्हणून.
कुडक्यालबाईंनी पातेलं अर्ध्यात ओढलं :
“या हातानं धार काढालालीस?”
दुसऱ्या दिवशी त्यांच्या कडीला
पिशवीचं दूध.

वाघचवरे डॉक्टर जनावरांचे,
त्यांनी कोयतीआधी माझा हात पाहिला.
“म्हशीची देवी,” म्हणाले, “सिव्हिलला जा.”
तिथं खपली काढून बाटलीत घातली, पुण्याला धाडली.
कागदावर रकाना होता : जनावराशी संबंध.
काय लिहू?
मी सून होऊन आले त्याच आठवड्यात
ती रेडकू होऊन आली.

उत्तर यायचं तेव्हा येईल.
तोवर सासू उठली, अव्वा.
बोटं आखडलेली, सहा वर्षं धारेला न बसलेली.
बाही सारली तर दंडावर
दोन वण, जुन्या नाण्यासारखे झिजलेले.
“देवीची लस,” डॉक्टर म्हणाले,
“यांना बहुतेक बाधणार नाही.
तुमच्या जन्माआधीच बंद झाली ती.”

“वासराच्या अंगावरची लस, म्हणत होते,” अव्वा म्हणाली,
“शिंगं फुटतील म्हणून कणगीमागं लपले.
बापानं पाय धरून ओढलं.”
आणि बादली गुडघ्यांत धरून बसली.

मी साबणानं कोपरापर्यंत हात धुते,
आंबोणाची पाटी पायानं पुढं सारते.
कोयती तलवारीएवढी शिंगं सांभाळत
मान वळवून बघते,
हिचं काय बिनसलं म्हणून.

दोघींच्या खपल्या पडल्या, आधी तिच्या.
अंगठ्यावर खळगी राहिली.
अव्वाच्या दंडाला लावून पाहिली एकदा, ती झोपली असताना.
बसत नाही.
माझी थोडी लहान आहे.